स्नायूंना विजेची चालना : उपयोग आणि मर्यादा



आपल्या भौतिकोपचार विभागासंबंधी आम्हांस दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. अंगावरून वारे गेलेल्या रुग्णाचे नातेवाईक विचारतात, "आमच्या माणसाला करंट कधी लावणार?" आणि देणगीदार विचारतात, "विभागाला एखादे नवे यंत्र देऊ का?" दोन्ही प्रश्नांमागे सद्भावना आहे. परंतु बरे करण्याचे काम यंत्रच करते, अशी एक समजूतही त्यांमागे आहे. ती कितपत खरी आहे, हे विभागातील तज्ज्ञांकडून जसे समजून घेतले, तसे येथे मांडीत आहोत.

उपचार नेमका काय आहे?

आपण हात उचलतो तेव्हा मेंदूचा निरोप मज्जारज्जूतून मज्जातंतूंत उतरतो आणि स्नायू आकुंचन पावतो. हा निरोप मुळात विजेचाच एक सूक्ष्म स्पंद असतो. इटलीतील लुईजी गॅल्वानी यांनी बेडकाच्या पायावर केलेले विजेचे प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले आणि या अभ्यासाचा पाया घातला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील डॉ. द्युशेन यांनी त्वचेवरून वीज देऊन एकेक स्नायू तपासण्याची पद्धत रूढ केली. आजचे यंत्र हेच काम करते. त्वचेवर लावलेल्या पट्ट्यांतून सेकंदाला साधारण ३० ते ५० स्पंद दिले जातात. ते मज्जातंतूस चेतवतात आणि स्नायू आखडतो.

मात्र नैसर्गिक हालचालीत आणि यात एक भेद आहे. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा न थकणारे स्नायुतंतू आधी कामाला लागतात. वीज अशी निवड करीत नाही, म्हणून स्नायू लवकर थकतो. याच कारणास्तव १९७०च्या दशकात सोव्हिएत संशोधक याकोव्ह कोट्स यांनी क्रीडापटूंसाठी जी पद्धत सांगितली, तीत १० सेकंद आकुंचनानंतर ५० सेकंद विश्रांती होती. यंत्र अखंड चालू ठेवल्याने लाभ वाढत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. 'टेन्स' नावाचे यंत्र वेदना कमी करण्यासाठी असते, स्नायू बळकट करण्यासाठी नव्हे. पट्ट्या सारख्या दिसल्या तरी दोन्हींचे हेतू भिन्न आहेत.

कोठे उपयोग होतो?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू जणू आज्ञा पाळीत नाही आणि झपाट्याने रोडावतो. अशा वेळी पहिल्या काही आठवड्यांत व्यायामाच्या जोडीने ही चालना दिल्यास बळ लवकर परतते, असा संशोधनाचा निष्कर्ष आहे. अर्धांगवायूत खांदा निखळू लागणे, मनगट न उचलले जाणे, चालताना पाऊल लोंबकळणे, यांतही तिची मदत होते. येथे एक अट महत्त्वाची आहे : स्पंद येतो त्याच क्षणी रुग्णाने स्वतःही हात किंवा पाऊल उचलण्याचा प्रयत्न करावा. पट्ट्या लावून रुग्ण झोपी गेला तर निम्मा उपचार वाया गेला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे हिरावून नेली. मणक्याला मार बसणे म्हणजे काय, हे या भागाला वेगळे सांगावयास नको. आजही झाडावरून वा विहिरीत पडून, तसेच दुचाकीच्या अपघातात अशी इजा होते. मज्जारज्जूला गंभीर इजा झाली तरी त्याखालचे मज्जातंतू शाबूत असल्यास निश्चल पाय करंटने हलतो, आणि तो हलताना पाहून घरच्यांचे डोळे भरून येतात. त्यांना नम्रपणे सांगावे लागते की पाय हलला तो यंत्राने; मेंदूचा निरोप अद्याप तेथे पोहोचलेला नाही. तुटलेला मज्जारज्जू विजेने सांधला जात नाही. स्नायू रोडावू नयेत आणि रक्ताभिसरण चांगले राहावे, यासाठी मात्र या उपचाराचे मोल आहे. खोट्या आशेपायी जमीन गहाण टाकून दूरच्या शहरी महिनोन् महिने हा उपचार घेण्याची वेळ कोणत्याही कुटुंबावर येऊ नये, हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

व्यायामशाळेतील वापर

आता शहरांतून अंगभर पट्ट्यांचा पोशाख घालून वीस मिनिटांत व्यायाम पूर्ण करण्याची पद्धत आली आहे. निरोगी माणसास तिचा काही लाभ होतो. पण पोटाला पट्टा बांधून बसल्या जागी चरबी वितळते, या दाव्यास आधार नाही. व्यायामानंतरचा थकवा घालवण्यासाठी हलक्या चालण्यापेक्षा वीज सरस ठरते, असेही सिद्ध झालेले नाही. उलट, पहिल्याच दिवशी जोराचा प्रवाह घेतल्याने स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्य रक्तात उतरल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. त्यामुळे मूत्रपिंडास धोका पोहोचतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते, म्हणून अधिक जपावे. अशा व्यायामानंतर अंग असह्य दुखून लघवी गडद तांबूस झाल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे.

हृदयात पेसमेकर असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी, फेफरे येणाऱ्यांनी, तसेच पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी किंवा कर्करोग असलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीविना हा उपचार घेऊ नये. गळ्याच्या पुढील भागावर, जखमेवर किंवा बधिर त्वचेवर पट्ट्या लावू नयेत. मधुमेही रुग्णांच्या पायांस संवेदना कमी असते. भाजले तरी त्यांना कळत नाही.

देणगीदारांस विनंती

आम्ही वाणिज्य शाखेत शिकलेले, त्यामुळे हिशेबाच्या भाषेत सांगतो. ताळेबंदात यंत्र मालमत्ता म्हणून दिसते आणि भौतिकोपचारकाचे वेतन खर्चात पडते. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, वेतनावर नाही. परंतु पट्टी कोठे लावायची, प्रवाह किती ठेवायचा, आणि मुख्य म्हणजे यंत्र केव्हा बंद करून रुग्णाला उभे करायचे, हे जाणणारा माणूस नसेल तर ते यंत्र कपाटातच राहते. किनवट-माहूरहून नांदेडला किंवा उदगीर-निलंग्याहून लातूरला रोज येणे रोजंदारीवरच्या कुटुंबास परवडत नाही. एक दिवसाची मजुरी आणि दोघांचे गाडीभाडे हिशेबात धरले, तर मोफत उपचारही महाग पडतो. म्हणून प्रशिक्षित भौतिकोपचारकाचे वेतन, रुग्णांचा प्रवासखर्च आणि घरच्या माणसांना व्यायाम शिकविण्याची सोय, यांसाठी दिलेली देणगी आम्हांस यंत्राइतकीच, किंबहुना अधिक मोलाची वाटते.

आप्तेष्टांनी यंत्र विकत घेण्यापूर्वी विभागात येऊन विचारावे, ही विनंती. घरी रोज दोन वेळा करवून घेतलेला व्यायाम हा उपचाराचा गाभा आहे. वीज त्याची सोबतीण आहे.