तंबाखूवर ४० टक्के जीएसटी, मग विडीवर १८ टक्केच का?

कोल्हापुरातल्या पानटपरीवर सिगारेट, तंबाखूची पुडी आणि विडी शेजारी-शेजारी मिळतात. पण कर सारखा नाही. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेट आणि खायच्या तंबाखूवर ४० टक्के जीएसटी आहे, शिवाय उत्पादन शुल्क वेगळं. विडीवर मात्र १८ टक्के. आधी हा दर २८ टक्के होता.

कर वाढवून काय होतं?
किंमत वाढली की काही जण व्यसन सोडतात, नवीन मुलं त्याकडे कमी वळतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार, भारतासारख्या देशांत किंमत १० टक्क्यांनी वाढली तर वापर साधारण ५ टक्क्यांनी घटतो.

मग विडीला सवलत का?
रोजगारामुळे. कोल्हापूरजवळच्या निपाणी भागात विडी तंबाखूचं पीक घेतलं जातं. विड्या वळण्याचं काम बहुतांश महिला करतात.

अडचण कुठे आहे?
विडीचा धूर सिगारेटपेक्षा कमी घातक नसतो. सिगारेट महागली की माणूस विडीकडे वळू शकतो. ही पळवाट बंद करायची, तर विडीवरचा करही वाढवावा लागेल आणि त्याच पैशातून या महिलांसाठी दुसरं काम उभं करावं लागेल.