विनावेतन मंडळाची घटना आणि पुस्तकाचा हक्क

कोणतीही संघटना उभी राहिली की दोन प्रश्न तिच्यापुढे येतात. नियम कोणी करावयाचे, आणि केलेले नियम सभासदांनी का पाळावयाचे? कारखान्यात उत्तर सोपे असते. पगार आणि बडतर्फी या दोन्ही गोष्टी मालकाच्या हाती असतात. परंतु जेथे पगार नाही, तेथे हजारभर माणसे निरनिराळ्या देशांत बसून एकच काम वर्षानुवर्षे कशी करतात? आमचे आयुष्य सभा, ठराव आणि घटना यांत गेले. म्हणून ‘डेबियन’ या मंडळाचा कारभार आम्हांला विशेष अभ्यासनीय वाटतो.

संगणकाचे सर्व व्यवहार चालविणारी जी मूळ प्रणाली असते, तशी एक प्रणाली हे मंडळ तयार करते व कोणासही मोफत देते. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये हे काम सुरू केले. १९९७ मध्ये मंडळाने ‘सामाजिक करार’ मंजूर केला. आमची प्रणाली सदैव मुक्त राहील, हे त्यातील पहिले वचन. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. वापरण्याची, आतील रचना तपासण्याची, तीत बदल करण्याची व बदललेली प्रत वाटण्याची मोकळीक, असा त्याचा अर्थ. पुढे १९९८ मध्ये रीतसर घटना झाली.

या घटनेप्रमाणे प्रमुखाची निवडणूक दरवर्षी होते. पाच सभासदांचे अनुमोदन मिळाले की ठराव मतास येतो, आणि प्रमुखाचा निर्णयही अशा ठरावाने फिरविता येतो. मूळ करारास हात लावावयाचा तर तीनास एक असे मताधिक्य लागते. मतदार एकाच पर्यायावर खूण करीत नाही. तो सर्व पर्यायांना पसंतीचे क्रमांक देतो आणि मग प्रत्येक पर्यायाची प्रत्येकाशी तुलना होते. ठरावांवरील मते पूर्वी नावांनिशी प्रसिद्ध होत. २०२२ मध्ये ठराव करूनच तीही गुप्त करण्यात आली.

घटनेतील एक कलम मात्र आमच्या कामगार बांधवांना नवलाचे वाटेल. सोपविलेले काम करण्याची सक्ती कोणावरही नाही. फक्त रीतसर झालेल्या निर्णयाविरुद्ध कारवाया करावयाच्या नाहीत. विनावेतन माणसावर याहून अधिक शिस्त लादता येत नाही, आणि याहून कमी शिस्तीवर संघटना टिकत नाही. दैनंदिन तांत्रिक नियमांचेही एक धोरण-पुस्तक आहे. त्यात बदल सुचवावयाचा तर मजकूर लिहून द्यावा लागतो, त्यास अनुमोदन मिळवावे लागते. संपादक स्वतःच्या मर्जीने नवा नियम घालीत नाहीत.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती पुस्तकांच्या प्रश्नावर. प्रोग्रॅमबरोबर तो कसा वापरावा हे सांगणारी माहिती-पुस्तिका असते. मुक्त प्रणालीच्या चळवळीत अग्रणी असलेल्या ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ने २००० मध्ये अशा पुस्तिकांसाठी एक परवाना काढला. पुस्तक छापा, विका, बदला, अशी मुभा त्यात आहे. परंतु लेखकाने ‘अपरिवर्तनीय’ म्हणून घोषित केलेले भाग कोणी बदलू नयेत की गाळू नयेत, अशी अटही आहे. हेतू वाईट नव्हता. छापणाऱ्याने उपयुक्त पाने तेवढी उचलावीत आणि चळवळीचे म्हणणे मात्र फेकून द्यावे, हे त्यांना नको होते.

डेबियनमधील अनेकांचा आक्षेप असा की, प्रोग्रॅम बदलला की पुस्तिकाही बदलावी लागते. एका प्रकरणाची छोटी पत्रिका काढावयाची तर न बदलता येणारे निबंधही तिच्यासोबत वागवावे लागतील. ही मोकळीक अपुरी होय. २००४ मध्ये मंडळाने कराराचे शब्द सुधारले, तेव्हा ‘मुक्त’ ही अट प्रोग्रॅमप्रमाणे पुस्तकांनाही लागू असल्याचे स्पष्ट झाले. त्यामुळे तयार होत आलेली आवृत्ती अडण्याचा धोका उत्पन्न झाला. तेव्हा दुसऱ्या ठरावाने अंमलबजावणी त्या आवृत्तीपुरती पुढे ढकलली, आणि जून २००५ मध्ये ती बाहेर पडली.

मार्च २००६ मध्ये अखेरचे मतदान झाले. हा परवाना सर्वस्वी त्याज्य, सर्वस्वी ग्राह्य, आणि अपरिवर्तनीय भाग नसतील तरच ग्राह्य, असे तीन पक्ष होते. तिसरा जिंकला. परिणामी ‘ईमॅक्स’ या नामांकित प्रोग्रॅमची पुस्तिका मुख्य संग्रहातून बाहेर, ‘अमुक्त’ विभागात राहिली. तो प्रोग्रॅम त्याच फाउंडेशनचा. पण वडीलधाऱ्या संस्थेसाठीही नियम वाकला नाही, आणि मतभेद झाला म्हणून मंडळही फुटले नाही.

हाच परवाना विकिपीडियालाही जड जात होता, कारण लहानसा उतारा छापला तरी परवान्याचा संपूर्ण मजकूर सोबत द्यावा लागे. नोव्हेंबर २००८ मध्ये परवान्यातच स्थलांतराची सोय झाली, आणि २००९ मध्ये सभासदांच्या मतदानानंतर विकिपीडियाने दुसरा, सुटसुटीत परवाना स्वीकारला. मराठी विकिपीडियाही त्यात आला.

वाचकहो, हत्यार तुमचे, पण त्याची माहिती-पुस्तिका दुरुस्त करण्याचा हक्क दुसऱ्याचा, तर ते हत्यार अर्धेच तुमचे. संस्थेच्या घटनेलाही हे लागू आहे. आपले वाचनालय, पतपेढी, युनियन यांची घटना आपण एकदा उघडून पाहावी, आणि दुरुस्तीचे कलम प्रथम वाचावे. दुरुस्ती कोण सुचवू शकतो आणि ती किती मतांनी होते, हे तेथेच कळते. ते कलम बंद असेल, तर ते उघडण्याचा ठराव येत्या वार्षिक सभेत जरूर मांडावा.