सोलर पॅनेल घेताना टक्के नव्हे, युनिट मोजा

पुण्यात रविवार पेठेपासून कोंढव्यापर्यंत अनेक गच्च्यांवर आता सोलर पॅनेल दिसतात. दुकानाचे वीजबिल कमी व्हावे म्हणून काही व्यापारी व कारागीर बंधू कर्ज काढून ती बसवितात. विक्रेता सांगतो, "माल २२ टक्क्यांचा आहे." मग बाकीचे ७८ टक्के गेले कोठे? पैसा गुंतविण्याआधी याचे उत्तर माहीत असावे, असे आम्हांस वाटते.

बहुतेक पॅनेल सिलिकॉनची असतात. सिलिकॉनला वीज करण्यासाठी ठराविक ताकदीचा किरण लागतो. त्याहून कमजोर किरण वीज न करताच निघून जातात. उन्हातील ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा असा जातो. जोरदार किरणांची गरजेपुरती ताकद कामी येते आणि उरलेलीची उष्णता होते. हा तोटा सुमारे एक तृतीयांश आहे. कारागीर कितीही हुशार असला तरी थानातून कतरण निघतेच, तसेच हे.

या कतरणीचा हिशेब विल्यम शॉकली व हान्स क्वायसर यांनी १९६१ साली अमेरिकेत मांडला. एका थराच्या सेलची मर्यादा आज सुमारे ३३ टक्के मानतात, सिलिकॉनची २९ च्या आसपास. १९५४ साली बेल प्रयोगशाळेचा सिलिकॉन सेल ६ टक्क्यांचा होता. आज बाजारात २० ते २३ टक्क्यांचा माल मिळतो. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर दिलेले सेल प्रयोगशाळेत ३४ टक्क्यांपुढे गेले आहेत, पण ते उन्हापावसात किती वर्षे टिकतात याची परीक्षा अजून चालू आहे. म्हणून गच्चीसाठी ४० टक्क्यांचे पॅनेल देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहावे.

मुख्य गोष्ट अशी की, टक्क्यांवरून फक्त जागा ठरते. १ किलोवॉटला २० टक्क्यांचे पॅनेल ५ चौरस मीटर लागते, १६ टक्क्यांचे सव्वासहा. वीज दोन्हींची जवळपास सारखीच. पेठेतील लहान गच्चीवर महाग माल परवडतो. कारखान्याचे छप्पर प्रशस्त असेल तर स्वस्त मालही चालतो.

खरा फरक बसविण्यात पडतो. पॅनेलवरचे वॉट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६० अंशांवर जाते, आणि दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट धरली तर १२ टक्के वीज तेथेच कमी होते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवू नये, खालून वारा खेळू द्यावा. शेजारच्या इमारतीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली तर फारच नडते. सेल एका ओळीत जोडलेले असल्याने एकावर सावली पडली की त्या ओळीतील इतरांचीही वीज घटते. धूळ पावसाळ्यात धुतली जाते. उन्हाळ्यात ती आपणच पुसावी. इन्व्हर्टरही थोडी वीज खातो.

हे सर्व वजा जाता पुण्यात १ किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. कोणी ६ युनिटांचा वायदा केला तर तो लेखी मागावा. कर्जाचा हप्ता ४ युनिटांवरच बेतावा. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती जोडणीला आहे, दुकानाला नाही, हेही हिशेबात धरावे.

कापड घेताना आपण पन्ना आणि लांबी दोन्ही पाहतो. येथेही गच्ची, सावली व वर्षाचे युनिट पाहूनच सौदा करावा.