मत्स्यालयाच्या तळाशी काय घालावे?

माझ्या इंदूरच्या दवाखान्यातील प्रतीक्षागृहात दोन फूट लांबीचे एक मत्स्यालय आहे. इंजेक्शनच्या भीतीने रडणारे मूल त्यासमोर उभे केले की बहुधा शांत होते. काही वर्षांपूर्वी त्यातील प्लॅस्टिकची झाडे काढून खऱ्या पाणवनस्पती लावाव्यात, असे मनात आले. जुना तळ काढून टाकी धुतली, दुकानातील सर्वांत महाग खतयुक्त माती पसरली, रोपे लावली आणि तिसऱ्याच दिवशी आठ मासे सोडले. आठवड्याच्या आत आठही मेले. लसीकरणासाठी आलेल्या पाच वर्षांच्या एका मुलीने विचारले, "डॉक्टरकाका, मासे कुठे गेले?" मला उत्तर देता आले नाही. पुढे अभ्यासाअंती जे कळले, ते या छंदाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी येथे मांडतो.

ही माती म्हणजे भाजलेल्या चिकणमातीचे सच्छिद्र, पोषक द्रव्यांनी युक्त दाणे. वनस्पतींना ती मानवते. परंतु आरंभीचे काही आठवडे तिच्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो व दुसरा त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनियाने माशांच्या कल्ल्यांना इजा होते आणि नायट्राइटमुळे त्यांच्या हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन बनते. अमेरिकेतील आयोवा येथे १९४५ साली डॉ. हंटर कॉमली यांनी नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्याने तान्ही बाळे निळी पडत असल्याचे नोंदविले होते, तेथेही रक्तातील बिघाड हाच होता. बालरोगतज्ज्ञ असून मला हे सुचू नये, याची खंत वाटली.

म्हणून नवशिक्याने प्रथम साधी, पाण्यात कोणताही बदल न घडविणारी वाळू किंवा बारीक खडी निवडावी. दाणा एक ते तीन मिलिमीटरचा असावा. त्याहून बारीक वाळू दाबून बसते व मुळांशी प्राणवायू पोहोचत नाही. फार जाड खडीत उरलेले अन्न अडकून कुजते आणि मुळांना पकड मिळत नाही. आपल्या माळव्याची काळी माती शेतात कितीही सुपीक असली, तरी टाकीत ती केवळ गाळ करते. रंगविलेल्या खड्यांचा रंग सुटतो. संगमरवराच्या चुऱ्याने पाण्याची कठीणता वाढते. नर्मदेची वाळू वापरायची असल्यास तिची परीक्षा आधी करावी. मूठभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडीचा अंश आहे, ती नको.

वाळू पाणी निवळ येईपर्यंत धुवावी. थर पुढे दोन इंच व मागे तीन इंच ठेवावा. साठ बाय तीस सेंटिमीटर तळाच्या टाकीस सरासरी सहा सेंटिमीटर थरासाठी सुमारे अकरा लिटर, म्हणजे सतरा किलोच्या आसपास वाळू लागते. वाळूत स्वतःचे पोषण नसते; त्यामुळे मुळांवाटे अन्न घेणाऱ्या व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरीन, अमेझॉन स्वोर्ड यांच्या मुळांजवळ खताच्या गोळ्या पुराव्यात व दोन-तीन महिन्यांनी नव्या घालाव्यात. अनुबियास आणि जावा फर्न यांचे आडवे खोड मात्र वाळूत पुरल्यास कुजते. ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे.

साधी वाळू घातली म्हणून प्रतीक्षा टळत नाही. जिवाणूंना त्यांचा वेळ द्यावाच लागतो. चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच मासे सोडावेत, तेही थोडेथोडे. खतयुक्त मातीची हौस अनुभव आल्यावर अवश्य भागवावी. तिचा कस एक-दोन वर्षांत उतरतो, हे मात्र ध्यानी ठेवावे.

दुसऱ्या खेपेस मी वाळू घातली आणि सहा आठवडे टाकीत केवळ वनस्पती ठेवल्या. काचेवर चिठ्ठी लावली होती, "मासे यायचे आहेत." पुढच्या लसीच्या वेळी त्याच मुलीने ती मोठ्याने वाचली आणि विचारले, "कधी?" या वेळी मला उत्तर ठाऊक होते.