खुर्ची घेण्याआधी टेबल मोजा

कंबर धरली की घरातले वडीलधारे एकच सांगतात: ताठ बस. शाळेपासून हेच कानावर पडल्यामुळे खुर्ची घेतानाही माणूस काटकोनाचा हट्ट धरतो. पाठ उभी, मांड्या आडव्या, पाय उभे. यातला पाठीचा काटकोन मात्र तपासात टिकलेला नाही. २००६ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन इथे २२ निरोगी स्वयंसेवकांचे बसलेल्या अवस्थेतच एमआरआय काढले गेले. मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, काटकोनात बसल्यावर सर्वांत जास्त हलत होती. पाठ १३५ अंशांपर्यंत मागे रेलली की सर्वांत कमी. त्याआधी १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथे एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या डिस्कमध्ये दाब मोजणारा सेन्सर बसवला होता. टेकू न घेता बसल्यावर ०.४६ मेगापास्कल दाब आला, पुढे पूर्ण वाकल्यावर ०.८३, आणि खुर्चीत मागे रेलून सैल बसल्यावर फक्त ०.२७. माणूस एकच होता, त्यामुळे आकडे सगळ्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. कल मात्र स्पष्ट आहे.

१३५ अंशांत रेलून टायपिंग होत नाही, हेही खरेच. कामाच्या वेळी शंभर ते एकशेदहा अंश पुरे. म्हणून मागे झुकणारी आणि झुकलेल्या जागी टेकू देणारी पाठ हवी.

दुसरा गैरसमज हुद्द्याचा आहे. आपल्याकडे पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली उंच खुर्ची ही साहेबाची खूण. जिल्हाधिकारी कार्यालयापासून वाळूजच्या कारखान्यातल्या हिशेब विभागापर्यंत साहेबाची पाठ कारकुनाच्या पाठीपेक्षा उंच असते, खुर्चीची, अर्थात. ‘बॉस चेअर’ या नावाने विकला जाणारा हा फुगीर, रेक्झिनचा प्रकार दिसायला भारदस्त असतो, पण दुखरी कंबर त्याच्या उंचीकडे बघत नाही. तिला टेकू हवा असतो पट्टा बांधतो त्या पातळीवर, पोकळी भरेल इतका, आणि वरखाली सरकवता येणारा. त्यात संभाजीनगरचा उन्हाळा. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रेक्झिनला पाठ चिकटते, माणूस घामाने पुढे सरकतो आणि टेकू मागेच राहतो. जाळीची पाठ इथे शोभेची गोष्ट नाही. मुलांच्या खोल्यांत शिरलेल्या ‘गेमिंग चेअर’चीही तीच गत. तिचा आकार शर्यतीच्या गाडीच्या सीटवरून घेतलेला आहे. ते दोन्ही बाजूंचे पंख वळणावर चालकाला धरून ठेवायला असतात. अभ्यासिकेत वळण येत नाही.

पण सर्वांत मोठी गफलत खुर्चीत नाही, टेबलात आहे.

आपला सुतार टेबल अडीच फुटांचे करतो; तयार टेबलेही ७५ सेंटिमीटरच्या आसपास असतात. आता भारतीय स्त्रीची सरासरी उंची धरा, साधारण १५२ सेंटिमीटर. तिच्या गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचे अंतर ३८ सेंटिमीटरच्या आगेमागे येते, आणि बसल्यावर कोपर बैठकीपासून वीसेक सेंटिमीटर वर असते. म्हणजे पाय जमिनीला टेकवून बसली तर तिचे कोपर ५८-६० सेंटिमीटरवर, आणि कीबोर्ड ७५ वर. खांदे दिवसभर कानाकडे ओढलेले. ती खुर्ची वर घेते, मग पाय लोंबकळतात आणि बैठकीची कड मांडीखाली रुतते. ते टाळायला ती पुढे सरकते आणि पाठीचा टेकू सुटतो. चाळीस हजारांची खुर्चीही या त्रैराशिकात नापास होते. शिवाय बाजारातल्या बहुतेक फिरत्या खुर्च्यांची बैठक ४२ सेंटिमीटरच्या खाली येतच नाही.

उपाय स्वस्त आहेत. घरचे लाकडी टेबल असेल तर सुताराकडून पाय कापून घ्यावेत. कचेरीतले असेल तर खुर्ची कोपराच्या हिशेबाने वर घ्यावी आणि पायाखाली दहा-पंधरा सेंटिमीटरचे पाट ठेवावे. वेरूळच्या दहाव्या लेण्यातले बुद्ध पाय खाली सोडून, तळवे नीट टेकवून बसले आहेत. त्या लेण्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. तेव्हाच्या कारागिराने पायांचा विचार केला होता, एवढेच नोंदवून पुढे जाऊ. लॅपटॉपवर काम असेल तर तो उंचावून कीबोर्ड वेगळा जोडावा. खंडपीठातल्या वकिलांना यासाठी स्टँड विकत घ्यायची गरज नाही. ‘एआयआर’ या निवाड्यांच्या संग्रहाचे दोन जुने खंड पुरतात.

मऊ की कडक, या वादात दोन्ही बाजू अर्ध्या चुकतात. जाड मऊ फोममध्ये बूड रुतते आणि कंबर गोल होते. तर ‘पाठदुखीला फळीच बरी’ ही समजूत गाद्यांवरून आलेली. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. खुर्चीसाठीही मधलाच मार्ग शहाणपणाचा: दाबल्यावर दबेल, पण तळाची फळी लागणार नाही.

जाहिरातीतले ‘बिफ्मा प्रमाणित’ हे शब्द वाचून अनेकांना खुर्ची पाठीला चांगली असल्याची खात्री वाटते. बिफ्मा ही अमेरिकेतली फर्निचर उत्पादकांची संघटना. कार्यालयीन खुर्च्यांसाठीची तिची प्रसिद्ध चाचणी सुरक्षितता आणि टिकाऊपणाची आहे: बैठकीवर एक लाख वेळा वजन आदळले तरी ती मोडते का, हे पाहायचे. ‘क्लास ४’ गॅस लिफ्टचा अर्थही नळकांडे मजबूत, इतकाच. खुर्ची मोडणार नाही हे कळते. पाठीचे काय, ते तुम्हालाच बसून ठरवावे लागते.

आणि खुर्ची पाठदुखी बरी करते, हाही गैरसमजच. २०२० साली जगात जवळपास ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. खुर्चीने ती मिटत असती तर जग केव्हाच सरळ झाले असते. कमरेचा पट्टा तर अनेकांना औषधासारखाच वाटतो. पण जुन्या कंबरदुखीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात नेहमीच्या उपचारात पट्टे वापरू नयेत असे म्हटले आहे, आणि व्यायामाच्या बाजूने कौल दिला आहे. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसूनही अर्ध्या-पाऊण तासाने उठून जिना उतरणारा विद्यार्थी, महागड्या खुर्चीत चार तास न हलणाऱ्यापेक्षा पाठीवर जास्त उपकार करतो. पायात बळ कमी वाटू लागले, जांघेभोवती बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र खुर्चीची चर्चा थांबवून त्याच दिवशी घाटी रुग्णालय गाठावे.

दुकानात जाताना रोजच्या चपला घालाव्यात, खिशात टेप ठेवावी आणि मागच्या खिशातले पाकीट काढावे. पूर्ण मागे टेकून बसल्यावर गुडघ्यामागे तीन बोटे जागा उरली पाहिजे. उरली नाही तर बैठक खोल आहे. हात टेकवायचे दांडे टेबलाखाली जातात का, हे टेपने पाहावे, कारण ते कडेला अडले की माणूस टेबलापासून दूर राहतो आणि वाकतो. मग पंधरा-वीस मिनिटे तिथेच बसून राहावे. विक्रेता अस्वस्थ होईल, होऊ द्यावा. भाव ठरवायला तोवर वेळही मिळतो.