बंदीनंतर होडीचे इंजिन जोर का धरत नाही?

१ जूनपासून सुरू होणारी दोन महिन्यांची मासेमारीबंदी संपली, नारळी पौर्णिमा झाली, की कोकण किनाऱ्यावरील लहान होड्यांची पुन्हा लगबग सुरू होते. पावसाळाभर पडवीत ठेवलेली आऊटबोर्ड इंजिने होड्यांच्या मागे चढविली जातात. अनेकदा इंजिन किनाऱ्यावर पहिल्याच ओढीत सुरू होते. मात्र खाडीत गेल्यावर पूर्ण रेस देऊनही होडी वेग घेत नाही. हा दोष केवळ गैरसोयीचा नव्हे. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह आणि समुद्राच्या लाटा एकमेकांना भिडतात. तेथे इंजिनाने ऐनवेळी दगा दिला, तर होडी आडवी होऊन उलटण्याची भीती असते.

अशा वेळी इंजिन खोलण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा दोष इंजिनाच्या पोटात नसून इंधनात असतो. प्रथम पाहावे ते इंजिनाच्या फेऱ्यांकडे. इंजिन जोरात फिरते आणि होडी मात्र रेंगाळते, असे असेल तर पंख्यात अडकलेले जाळे, पंख्याचे घसरणारे रबर किंवा होडीच्या तळाला धरलेले शेवाळ व शिंपले ही कारणे संभवतात. फेऱ्याच वाढत नसतील, तर इंधनाचा मार्ग तपासावा.

सर्वांत सोपी तपासणी टाकीच्या झाकणावरील हवेच्या स्क्रूची. तो बंद राहिला, तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि काही मिनिटांतच इंधनाचा ओघ मंदावतो. त्यानंतर पूर्ण रेसवर असताना सोबत्याने इंधननळीतील रबरी फुगा दाबून पाहावा. फुगा दाबताच इंजिनाने जोर धरला, तर नळी, गाळणी किंवा इंधनपंप यांपैकी एकात दोष आहे, असे समजावे.

दोन-तीन महिने पडून राहिलेले पेट्रोल हेही मोठे कारण आहे. त्यातील हलके घटक उडून जातात आणि कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर उरतो. मंद गतीचे छिद्र चोंदले, तर इंजिन उभ्या जागी बंद पडते. मुख्य जेट आक्रसला, तर वरचा जोर जातो. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पावसाळी हवेतील ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण वाढले, की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचतात आणि इंजिन नेमके तळाचेच इंधन ओढते. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवल्यास हा थर स्पष्ट दिसतो. असे पेट्रोल काढून टाकावे, गाळणी बदलावी आणि कार्ब्युरेटर साफ करून घ्यावा.

इंधन निर्दोष असेल, तर प्लग पाहावेत. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक प्लग कोरडा तपकिरी आणि दुसरा ओला काळा निघाला, तर एकच सिलिंडर काम करीत असण्याची शक्यता असते. प्लग बदलूनही फरक पडला नाही, तर मात्र दाबमापनासाठी इंजिन कुशल मेकॅनिककडे न्यावे.

शीतकरणाच्या पाण्याची बारीक धार मागून नीट पडते की नाही, हेही पाहिले पाहिजे. कुंभारीण माशीचे मातीचे घरटे ती वाट बंद करू शकते. पंपातील रबरी इंपेलर आखडला असल्यास इंजिन तापते आणि आधुनिक इंजिने तापताच आपला वेग आपणच घटवितात. ही तपासणी कोरड्यावर करू नये. इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवूनच ते चालवावे.

‘चालता चालता मोकळे होईल’ या समजुतीने अशक्त इंजिन दामटणे मात्र महागात पडते. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पोचले, म्हणजे वंगणही कमी पोचते. मग पिस्टन तापून जखडतो आणि जेटच्या सफाईवर भागणारे काम नव्या पिस्टनवर जाते.

थंड देशांत हिवाळ्यात साचलेले पाणी गोठून इंजिनाचे आवरण तडकते. कोकणात शत्रू आहेत मीठ आणि दमट हवा. म्हणूनच मे महिन्याच्या अखेरीस इंजिन गोड्या पाण्याने धुणे, कार्ब्युरेटर रिकामा करणे, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडणे आणि गिअरचे तेल बदलणे ही कामे टाळू नयेत. काढलेले तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे, हे ओळखून सील तेव्हाच बदलावे.