मानसशास्त्रविषयक लोकप्रिय लेखांचे चिकित्सक मूल्यमापन

मानसशास्त्रविषयक लोकप्रिय लेखांचे चिकित्सक मूल्यमापन म्हणजे वृत्तपत्रे, मासिके, दूरचित्रवाणी व संकेतस्थळे यांतून मानवी मन आणि वर्तन यांविषयी केल्या जाणाऱ्या दाव्यांमागील पुरावा तपासण्याची पद्धत होय. दावा नेमका काय आहे, तो कोणत्या निरीक्षणावर आधारलेला आहे आणि त्याच निरीक्षणाचे दुसरे स्पष्टीकरण संभवते का, हे तीन प्रश्न या पद्धतीच्या मुळाशी असतात. महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शनिशिंगणापूर या गावाविषयी प्रसिद्ध होणारे लेख या पद्धतीच्या अभ्यासासाठी उपयुक्त उदाहरण ठरतात.

पार्श्वभूमी

मानसशास्त्रातील निष्कर्ष वाचकांपर्यंत अनेक टप्प्यांनी पोहोचतो. शोधनिबंध, विद्यापीठाचे प्रसिद्धिपत्रक, वृत्तसंस्थेची बातमी आणि तिचा अनुवाद अशा प्रवासात मूळ निबंधातील ‘काही प्रमाणात’, ‘या गटापुरते’, ‘संभवतः’ यांसारखे मर्यादादर्शक शब्द गळत जातात. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये आरोग्य व मानसशास्त्र या विषयांवरील ४६२ प्रसिद्धिपत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे एकतृतीयांश पत्रकांत केवळ सहसंबंध दाखवणाऱ्या संशोधनातून अतिशयोक्त कार्यकारण विधाने केलेली आढळली. अशी अतिशयोक्ती पत्रकात असली की ती बातमीतही येण्याची शक्यता बरीच वाढत होती. म्हणजे दोष नेहमी पत्रकाराकडेच सुरू होतो असे नाही.

मूळ संशोधनही अंतिम सत्य नसते. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय परिणाम नोंदवला गेला होता. पुनरावृत्तीत तो सुमारे ३६ टक्क्यांतच आढळला.

उदाहरण : शनिशिंगणापूर

नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे उघड्या चौथऱ्यावरील शनिदेवाच्या शिळेमुळे प्रसिद्ध असलेले तीर्थक्षेत्र आहे. तेथील घरांना पारंपरिकरीत्या दारे व कुलुपे नसतात, कारण चोरी करणाऱ्यास शनिदेव शासन करतो अशी श्रद्धा आहे. या प्रथेवर देशविदेशांतील माध्यमांनी अनेक लेख प्रसिद्ध केले आहेत. ‘दैवी शिक्षेची भीती माणसाला गुन्ह्यापासून परावृत्त करते आणि म्हणून या गावात चोरी होत नाही’ असा मानसशास्त्रीय निष्कर्ष त्यांपैकी काही लेखांत स्पष्टपणे, तर काहींत सूचकपणे मांडलेला असतो. या एका वाक्यात तीन वेगळे दावे आहेत : चोरी होत नाही, लोकांना शिक्षेची भीती वाटते, आणि दुसरी गोष्ट पहिलीचे कारण आहे. तिन्हींची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

नोंद आणि वस्तुस्थिती

‘चोरीची नोंद नाही’ आणि ‘चोरी होत नाही’ ही विधाने समानार्थी नाहीत. गुन्ह्यांची अधिकृत आकडेवारी पोलिसांकडे नोंदवलेल्या तक्रारींवर आधारलेली असते. शनिशिंगणापुरात २०१५ पर्यंत स्वतंत्र पोलीस ठाणे नव्हते. चोरी होऊच शकत नाही अशी गावाची ख्याती असेल, तर ज्याची वस्तू चोरीस गेली त्याला तक्रार करणे अवघड वाटण्याचीही शक्यता असते. त्याच्यावर विश्वास ठेवला जाणार नाही किंवा गावाची बदनामी केल्याचा ठपका येईल, असे त्याला वाटू शकते. हे तेथे प्रत्यक्ष घडते असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र नोंदींचा अभाव हा एकटा पुरावा पुरेसा नाही, एवढे स्पष्ट होते. शिवाय २०१० व २०११ मध्ये तेथे येणाऱ्यांच्या ऐवजाची चोरी झाल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या होत्या.

मथळा आणि मजकूर

जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने येथे शाखा उघडली, तेव्हा ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून तिला मोठी प्रसिद्धी मिळाली. तथापि प्रवेशद्वाराला काचेचे दार असून सहज न दिसणारे, दूरनियंत्रित विद्युतचुंबकीय कुलूप बसवलेले आहे, असे वृत्तांतांच्या मजकुरातच नमूद होते. घरांच्या चौकटीला रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून फळी टेकवली जाते, असाही तपशील काही वृत्तांतांत आढळतो. मथळ्यातील ‘नाही’ हा शब्द आतील मजकुरात किती टिकतो, हे पाहणे मूल्यमापनाचा आवश्यक भाग आहे.

पर्यायी स्पष्टीकरणे

चोऱ्या खरोखरच कमी असल्या तरी त्याचे श्रेय भीतीलाच द्यावे लागेल असे नाही. परस्परांना ओळखणारी लोकवस्ती, भाविकांची सततची वर्दळ, प्रथा मोडल्यास होणारी सामाजिक नाचक्की आणि गावाच्या लौकिकावर अवलंबून असलेले अर्थकारण हीसुद्धा संभाव्य कारणे आहेत. ती वेगळी करण्यासाठी त्याच परिसरातील तुल्य आकाराच्या गावांशी तुलना, तसेच नाव गुप्त ठेवून घरोघरी केलेली पाहणी आवश्यक ठरेल. एकाच गावाच्या वर्णनातून असा निष्कर्ष काढता येत नाही.

संबंधित संशोधन

अलौकिक शक्ती आपल्याला पाहत आहे या भावनेचा वर्तनावर काय परिणाम होतो, यावर प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. अझीम शरीफ व आरा नोरेन्झायन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ईश्वरविषयक शब्द नकळत मनात जागवलेल्या सहभागींनी अनोळखी व्यक्तीला अधिक पैसे दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बऱ्याच मोठ्या नमुन्यावरील पुनरावृत्तीत हा परिणाम आढळला नाही.

न्यूकॅसल विद्यापीठातील २००६ च्या अभ्यासात चहा-कॉफीच्या पैशांच्या पेटीजवळ एका आठवड्यात फुलांचे आणि दुसऱ्या आठवड्यात डोळ्यांचे चित्र असे आलटून पालटून लावण्यात आले. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळपास तिप्पट रक्कम जमा झाली. मात्र हा अभ्यास एकाच विभागात दहा आठवडे चालला होता. अशा अनेक प्रयोगांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणात चित्रातील डोळ्यांमुळे औदार्य वाढत असल्याचे दिसले नाही. २०१९ मधील दुसऱ्या विश्लेषणात समाजविघातक वर्तन मात्र काही प्रमाणात घटल्याचे आढळले. औदार्य आणि चोरी या भिन्न गोष्टी असल्याने हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी ठरतातच असे नाही. यांपैकी केवळ पहिला प्रयोग उद्धृत करून ‘विज्ञानानेही सिद्ध केले’ असे लिहिणारा लेख अपूर्ण माहिती देतो.

मूल्यमापनाचे निकष

• मूळ संशोधनाचा, संशोधकांचा आणि वर्षाचा उल्लेख आहे का? ‘शास्त्रज्ञांच्या मते’ एवढा उल्लेख अपुरा असतो.
• सहभागी किती व कोण होते? परदेशी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील निष्कर्ष ग्रामीण महाराष्ट्रातील प्रौढांना तसाच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही.
• तुलनेसाठी दुसरा गट होता का?
• सहसंबंधाला कारण म्हटले आहे का?
• परिणाम किती मोठा आहे? ‘दुप्पट’ हा शब्द मूळ प्रमाण सांगितल्याशिवाय निरर्थक असतो.
• निष्कर्षाची स्वतंत्र पुनरावृत्ती झाली आहे का?
• असहमत तज्ज्ञाचे मत घेतले आहे का?
• लेखामागे अभ्यासवर्ग, औषध किंवा पुस्तक यांच्या विक्रीचा हेतू आहे का?

मर्यादा

चिकित्सा म्हणजे सरसकट अविश्वास नव्हे. पुरावा अपुरा असल्याने दावा असिद्ध ठरतो, खोटा ठरत नाही. शनिशिंगणापुरातील श्रद्धेचा तेथील वर्तनावर परिणाम होत असू शकतो. त्या परिणामाचे स्वरूप व प्रमाण वरील प्रकारच्या लेखांतून कळत नाही, एवढेच मूल्यमापनातून म्हणता येते. तसेच एखाद्या श्रद्धेचे धार्मिक किंवा सांस्कृतिक मोल हा या तपासणीचा विषय नाही. आपल्या मताला अनुकूल लेख सहज स्वीकारण्याची आणि प्रतिकूल लेखाचीच कठोर तपासणी करण्याची प्रवृत्ती श्रद्धाळू व संशयवादी अशा दोन्ही वाचकांत आढळते. त्यामुळे समान निकष दोहोंना लावणे आवश्यक असते.

महत्त्व

अशा लेखांचा परिणाम वाचनापुरता राहत नाही. भीतीमुळे माणूस सदाचारी राहतो हा निष्कर्ष सिद्ध मानल्यास मुलांचे संगोपन व शाळेतील शिस्त यांबाबतच्या धारणांवर त्याचा प्रभाव पडू शकतो. गुन्हा घडतच नाही असे मानल्यास गुन्ह्याला बळी पडलेल्याचे म्हणणे ऐकले जात नाही. मानसिक आजारांबाबत हा धोका अधिक गंभीर असतो, कारण चुकीच्या लेखामुळे रुग्ण उपचार लांबणीवर टाकू शकतो. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये मानसिक आजार व आत्महत्या यांच्या वार्तांकनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आत्महत्येच्या बातम्यांना ठळक स्थान न देणे, सनसनाटी मथळे टाळणे आणि पद्धतीचे वर्णन न करणे यांचा त्यांत समावेश आहे. ही तत्त्वे पत्रकारांसाठी आहेत. वरील निकष वाचकाच्या हाती असलेले त्यांचे पूरक साधन मानता येते.